हरलेल्या हंगामातील एकेक सुदिन

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम वसंत ऋतूत सुरू होतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस साखळी सामने संपतात. त्यानंतर मोजके संघ अजिंक्यपदासाठी झुंजतात. उरलेल्यांच्या चाहत्यांना हिवाळाभर करायला काहीच उरत नाही. अशा वेळी निराश झालेल्या संघाचे चाहते एक जुना छंद जोपासतात. संघातील खेळाडूंची यादी समोर घ्यायची आणि प्रत्येकाचा त्या हंगामातील सर्वोत्तम सामना कोणता, ते आठवायचे. संघ शेवटून पहिला आला असला तरी हरकत नाही. किंबहुना तो जितका वाईट खेळला असेल, तितका हा छंद अधिक मनापासून केला जातो.

वरवर पाहता ही मनाची समजूत वाटेल. परंतु थोडे खोलात गेल्यास लक्षात येते की, या आठवणींमागे खेळाची रचना आहे, नोंदी ठेवण्याची शतकाहून जुनी परंपरा आहे आणि एक न्यायाचा प्रश्नही आहे. एखाद्या माणसाच्या कामाचे मोल त्याच्या एकूण बेरजेवरून करायचे, की त्याने गाठलेल्या उंचीवरून? हा प्रश्न समजून घेण्यासाठी १९६२ सालच्या न्यूयॉर्क मेट्स या संघाइतके चांगले उदाहरण नाही.

संघ जन्मला तो असा

न्यूयॉर्क शहरातील ‘डॉजर्स’ आणि ‘जायंट्स’ हे दोन नामांकित संघ १९५७च्या हंगामानंतर कॅलिफोर्नियात निघून गेले. नॅशनल लीगच्या लाखो चाहत्यांचे शहर एका रात्रीत पोरके झाले. ती पोकळी भरून काढण्यासाठी १९६२ मध्ये मेट्स हा नवा संघ मैदानात उतरला. त्याच वर्षी ह्यूस्टनलाही नवा संघ मिळाला. या दोघांसाठी जुन्या आठ संघांनी आपले काही खेळाडू उपलब्ध करून दिले. अर्थात कोणताही संघ आपले उत्तम खेळाडू देणार नव्हता. उतारवयातले किंवा जुन्या संघाला नकोसे झालेले खेळाडू ५० हजार ते सव्वा लाख डॉलर मोजून घ्यावे लागले. ह्यूस्टनने तुलनेने तरुणांवर भर दिला. न्यूयॉर्कने प्रेक्षकांच्या ओळखीची, पण थकलेली नावे निवडली.

परिणाम व्हायचा तोच झाला. ह्यूस्टनने ६४ सामने जिंकले. मेट्सने जिंकले ४० आणि हरले १२०. विसाव्या शतकात एका हंगामात इतके पराभव कोणीच पाहिले नव्हते. हा नकोसा विक्रम ६२ वर्षे टिकला. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने १२१ सामने गमावून तो मोडला. मेट्सच्या क्षेत्ररक्षकांनी त्या हंगामात २१० चुका केल्या. प्रशिक्षक होते केसी स्टेंगल. शेजारच्या यांकीज संघाला सात वेळा जगज्जेते करणारा हा सत्तरी ओलांडलेला माणूस आता रोज पराभवाची कारणे सांगत होता.

तरीही पोलो ग्राउंड्स या जुनाट मैदानावर त्या हंगामात नऊ लाख २२ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. ते काय पाहायला आले होते?

सरासरीत हरवणारे दिवस

याचे उत्तर बेसबॉलच्या वेळापत्रकात आहे. एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे सहा महिने जवळजवळ रोज एक सामना. एवढ्या सामन्यांत सर्वोत्तम संघही साठ-सत्तर वेळा हरतो आणि अत्यंत दुबळा संघही चाळीसएक वेळा जिंकतो. शिवाय एका सामन्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. सुरेख टोलावलेला चेंडू थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो आणि चुकून लागलेला चेंडू दोघांच्या मधे पडतो. त्यामुळे सामान्य खेळाडूच्या वाट्यालाही वर्षातून एखादा असा दिवस येतो, जेव्हा तो मैदानावरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू असतो.

हंगामाअखेरची सरासरी असे दिवस गिळून टाकते. चाहते नेमके तेच दिवस वेचून काढतात. त्यांना मदत होते ती प्रत्येक सामन्याच्या तपशीलवार धावफलकाची. वर्तमानपत्रांतून हे धावफलक एकोणिसाव्या शतकापासून छापले जात आहेत. त्यामुळे साठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या दुपारी कोणी किती फटके मारले, हे आजही शोधून काढता येते.

आता १९६२च्या मेट्सची यादी समोर घेऊ.

दोन विजयांचा शनिवार

पहिले नाव क्रेग अँडरसनचे. तो पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू होता. १२ मे १९६२, शनिवार. मिल्वॉकी ब्रेव्हजविरुद्ध एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने होते. दोन्ही सामन्यांत अँडरसन बदली पिचर म्हणून आला. पहिल्या सामन्यात होबी लँड्रिथ या कॅचरने अखेरच्या नवव्या डावात होमरन ठोकला आणि मेट्सने ३-२ असा विजय मिळवला. चेंडू फेकत होता वॉरेन स्पान, बेसबॉलच्या इतिहासातील थोर डावखुऱ्या पिचरपैकी एक. पोलो ग्राउंड्सची उजवी सीमारेषा अवघी २५८ फुटांवर होती, हे लँड्रिथच्या पथ्यावर पडले. दुसरा सामनाही नवव्या डावातच संपला. गिल हॉजेसच्या होमरनने मेट्स ८-७ असा जिंकला.

बेसबॉलमध्ये संघाने निर्णायक आघाडी घेतली त्या वेळी जो पिचर खेळात असेल, त्याच्या नावावर साधारणपणे विजय लिहिला जातो. त्यामुळे अँडरसनच्या खात्यात एका दिवसात दोन विजय जमा झाले. त्याचा हिशेब तेव्हा तीन विजय, एक पराभव असा झाला. त्यानंतर त्या हंगामात तो लागोपाठ सोळा सामने हरला. पुढील दोन वर्षांत आणखी तीन पराभव झाले आणि त्याची कारकीर्द संपली. १२ मेनंतर या सर्वोच्च पातळीवर तो एकदाही जिंकला नाही.

अँडरसनचे नाव ओळीने एकोणीस पराभव पत्करणारा पिचर म्हणून नोंदले गेले आहे. ते खोटे नाही. पण ज्या नियमाने त्याला एका दिवसात दोन विजय दिले, त्याच नियमाने सहकाऱ्यांच्या चुकांचे ओझेही त्याच्याच खांद्यावर टाकले, हेही तितकेच खरे. चाहते त्याच्या नावापुढे ‘१२ मे’ लिहितात, तेव्हा ते आकडेवारी नाकारत नाहीत. तिचा राहून गेलेला भाग पुरा करतात.

जिंकलेला सामना की हरलेला?

दुसरे नाव अल जॅक्सनचे. आठ विजय आणि २० पराभव हा त्याचा हिशेब. मात्र प्रतिस्पर्ध्याला एकही धाव न देण्याची कामगिरी मेट्सने त्या हंगामात चार वेळा केली आणि चारही वेळा पिचर जॅक्सनच होता. २२ जूनला त्याने ह्यूस्टनला संपूर्ण सामन्यात फक्त एक यशस्वी फटका मारू दिला. त्याचा सर्वोत्तम सामना निवडायचा, तर हाच, असे कोणीही म्हणेल.

परंतु १४ ऑगस्टला फिलाडेल्फियाविरुद्धचा सामना बरोबरीमुळे लांबत गेला. जॅक्सन एकट्याने पंधरा डाव फेकत राहिला. एकूण २१५ चेंडू. आजच्या काळात शंभराच्या आसपास चेंडू झाले की, पिचरला विश्रांती देतात, यावरून त्या श्रमांची कल्पना यावी. मेट्सने तो सामना १-३ असा गमावला. या दोन सामन्यांपैकी श्रेष्ठ कोणता? एकात कौशल्याचा कळस आहे, दुसऱ्यात जिद्दीचा. चाहत्यांचे वाद रंगतात ते अशाच ठिकाणी. आणि या वादांतून एक गोष्ट पक्की होते की, वीस पराभव झालेला पिचर वाईटच असला पाहिजे, हा समज चुकीचा आहे. किंबहुना वीस सामने हरण्याइतपत संधी पिचरला मिळते, तीच मुळी प्रशिक्षकाचा त्याच्यावर विश्वास असतो म्हणून.

हशाचा धनी

तिसरे नाव मार्व्ह थ्रोनबेरीचे. मे महिन्यात तो बाल्टिमोरहून आला. त्याच्या मोबदल्यात जूनमध्ये लँड्रिथला तिकडे धाडण्यात आले. १७ जूनला शिकागो कब्जविरुद्ध त्याने जोरदार फटका मारला आणि धावत तिसरा बेस गाठला. पण पहिल्या बेसला त्याचा पाय लागलाच नव्हता, म्हणून पंचांनी त्याला बाद ठरवले. स्टेंगल तावातावाने वाद घालायला निघाले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, दुसरा बेसही चुकलाच होता. हा किस्सा आजवर अगणित वेळा सांगितला गेला आहे आणि थ्रोनबेरी म्हटले की तोच आठवतो.

याच थ्रोनबेरीचा दुसरा दिवस मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. २१ ऑगस्टला पिट्सबर्गविरुद्ध तो संघात नव्हता. पहिल्या बेसजवळ उभा राहून धावणाऱ्यांना सूचना देत होता. नवव्या डावात मेट्स मागे असताना प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा घोष सुरू केला. स्टेंगल यांनी त्याला बॅट हाती घ्यायला लावले. समोर होता रॉय फेस, त्या काळचा अत्यंत भरवशाचा बदली पिचर. थ्रोनबेरीने तीन धावांचा होमरन मारला आणि मेट्सने ५-४ असा सामना जिंकला. ज्याला लोक हसत होते, त्याच्याच नावाने मैदान दुमदुमले. हे दोन्ही प्रसंग एकाच माणसाचे आणि एकाच उन्हाळ्यातले आहेत. आपण कोणता लक्षात ठेवतो, हा आपला निर्णय असतो.

प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी

यादी अशीच पुढे सरकते. इंजिनिअरिंग शिकलेला जे हूक त्या वर्षी १९ सामने हरला. पण पहिले नऊ सामने गमावलेल्या मेट्सला पहिलावहिला विजय त्यानेच मिळवून दिला. तारीख २३ एप्रिल, प्रतिस्पर्धी पिट्सबर्ग, ज्यांनी तोवर एकही सामना गमावला नव्हता. निकाल ९-१. रॉड केनेलने ६ जुलैला तिन्ही बेस भरलेले असताना होमरन मारला. मेट्सच्या इतिहासातील तो या प्रकारचा पहिला. फ्रँक थॉमसने १ ते ३ ऑगस्ट या तीन दिवसांत रोज दोन, असे सहा होमरन मारले. पस्तिशीतल्या रिची अ‍ॅशबर्नने ३०६च्या सरासरीने फलंदाजी केली, म्हणजे दर हजार संधींमागे ३०६ यशस्वी फटके. तो संघाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याबद्दल त्याला एक होडी बक्षीस मिळाली आणि ती बुडाल्याचा किस्सा तो पुढे रंगवून सांगत असे.

३० सप्टेंबरला शिकागोत हंगामाचा शेवटचा सामना झाला. त्यात मेट्सच्या जो पिग्नाटानोने मारलेल्या एका फटक्यावर त्यांचे तीन खेळाडू एकाच वेळी बाद झाले. पिग्नाटानोचा तो कारकिर्दीतील अखेरचा फटका होता आणि अ‍ॅशबर्नचाही तो अखेरचा सामना. इतक्या पराभवांनंतर निरोपही तसाच मिळाला.

आठवणीची मर्यादा

या छंदाला एक धोकाही आहे. चांगले दिवस वेचताना संघ का हरला, हे विसरले जाते. मेट्सची दुर्दशा नशिबाने झाली नव्हती. खेळाडू वाटपाची पद्धत अन्यायकारक होती आणि व्यवस्थापनाची निवडही चुकली होती. आठवणींनी मालकांचा दोष धुऊन निघता कामा नये. मात्र दोष कोणाचा, हे नीट पाहिले तर खेळाडूंवरचा राग आपोआप निवळतो. ते आपल्या कुवतीनुसार खेळत होते. त्यांना अशक्य कामावर नेमणारे दुसरेच होते.

आपल्याला हे परके वाटू नये. २०२४ मध्ये न्यूझीलंडने भारताला मायदेशात कसोटी मालिकेत ०-३ असे हरवले. ती मालिका पराभव म्हणूनच ओळखली जाईल. तरीही पुण्यात वॉशिंग्टन सुंदरने ५९ धावांत घेतलेले सात बळी आणि वानखेडेवर रवींद्र जडेजाने सामन्यात टिपलेले दहा बळी विसरावेत, असे कोणी म्हणणार नाही. फरक इतकाच की, बेसबॉलचे चाहते ही यादी नामवंतांपाशी थांबवत नाहीत. ती अखेरच्या राखीव खेळाडूपर्यंत नेतात.

मेट्सची पुढची कथा प्रसिद्ध आहे. १९६९ मध्ये याच संघाने जगज्जेतेपद पटकावले. तेव्हा प्रशिक्षक होता तो गिल हॉजेस, ज्याने १२ मेचा दुसरा सामना होमरनने संपवला होता. आणि १९६२च्या सप्टेंबरमध्ये सतरा वर्षांचा असताना पदार्पण केलेल्या एड क्रेनपूलने १९६९च्या अंतिम मालिकेत होमरन मारला. अँडरसन, थ्रोनबेरी, हूक मात्र तोवर खेळातून बाहेर पडले होते. जेतेपदाच्या इतिहासात त्यांना जागा नाही. त्यांना जागा आहे ती चाहत्यांनी जपलेल्या या दुसऱ्या यादीत, जिथे प्रत्येकाच्या नावापुढे पराभवांची बेरीज नसून एक तारीख लिहिलेली असते.