अकरा मिनिटं

खोलीच्या चारही भिंतींवर गोधड्या टांगल्या आहेत, दारामागे जाड सोलापुरी चादर. बाहेरच्या रिक्षांचा आवाज आत येऊ नये आणि आतला घुमू नये, म्हणून केलेली ही सोय. कोपऱ्यात पेटी झाकण काढून ठेवलेली असते. जुनं सागवान, धूळ आणि कसर लागू नये म्हणून आत ठेवलेला कापूर, असा तिचा मिसळलेला वास खोलीभर असतो. पुण्याच्या पेठेतल्या या खोलीत एका मराठी चित्रपटाचं पार्श्वसंगीत तयार होतं आहे. संगीत करणाऱ्या बाईच चित्रपटाच्या लेखिका, दिग्दर्शिका आणि निर्मात्या आहेत. सगळे त्यांना ताई म्हणतात. चित्रपट पुरा होईपर्यंत नाव छापू नका, म्हणाल्या. म्हणून मीही ताईच म्हणतो.

त्यांचा आधीचा चित्रपट मी एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला होता. शेवटच्या नामावलीत दिग्दर्शन आणि संगीत या दोन्हींपुढे एकच नाव आलं आणि मी चमकलो, कारण संगीत ऐकल्याचं मला आठवतच नव्हतं. बाहेर भेटल्यावर तसं विचारलं, तर ताई म्हणाल्या, “आहे की. अकरा मिनिटं आहे.” दीड तासाच्या चित्रपटात अकरा मिनिटं! लहानपणापासून पेटी वाजवणारी, गावोगाव गवयांच्या साथीला बसणारी बाई स्वतःच्या चित्रपटात संगीताला एवढीशीच जागा का देते, हे त्यांच्या कामाजवळ बसून पाहावंसं वाटलं.

कामाचा क्रम साधा आहे: संकलित प्रत लॅपटॉपवर लावायची, वहीत वेळा टिपायच्या, वाजवून पाहायचं, पुन्हा लावायचं. पण स्वयंपाकघराच्या एका प्रसंगापाशी मी अडकलो, आणि अजून तिथेच आहे.

प्रसंगात एक मध्यमवयीन बाई ओट्यापाशी उभी राहून डब्यातले पैसे मोजते. संवाद नाही. ताईंनी डोळे मिटले, डाव्या हाताने भाता हलवला आणि खालच्या सप्तकातली एक पट्टी दाबून धरली. “पांढरी पाच. पण जराशी चढी आहे.” मला कळेना, कशाबद्दल बोलताहेत. त्यांनी पेटी थांबवली, आवाज वाढवला, तेव्हा ऐकू आलं: स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटची आणि फ्रिजची बारीक घुमघुम.

आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, आणि अशी उपकरणं गुणगुणतात ती त्याच्या दुपटीने, 100 वर. पेटीवर त्या पट्ट्यातली पांढरी पाच साधारण 98 वर बोलते. म्हणजे फ्रिजचा स्वर पेटीपेक्षा अर्ध्या स्वराच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा वर. सर्वसाधारण रीत अशी की हा आवाज सॉफ्टवेअरने पुसायचा आणि कोऱ्या जागेवर संगीत घालायचं. ताईंनी तो ठेवला. “त्या बाईच्या घरात रात्रंदिवस हाच तानपुरा वाजतो. मी तो बंद केला तर ती बाई तिथे राहतच नाही.” मग ओघानेच पुढचं ठरलं. पेटीचे सूर एकदा लावले की लावले. बसल्या बैठकीत ते एवढेसे चढवता येत नाहीत. म्हणून ताईंनी स्वतःचं वाद्य बाजूला केलं आणि सारंगीवाल्या काकांना बोलावलं. काकांनी हेडफोन लावून फ्रिज ऐकला, षड्ज त्याच्याशी मिळवला आणि चाळीस सेकंद वाजवलं. वाजवण्याआधी ताईंनी पाकीट त्यांच्या हातात ठेवलं होतं. त्या स्वतः मानधनासाठी महिनोन्‌महिने थांबलेल्या आहेत. त्यांच्या चित्रपटात वादकाचे पैसे आधी मिळतात, कॅमेऱ्याचं भाडं मागाहून.

चित्रपट बनवणारा संगीत जाणणारा असला, की नेमकं काय बदलतं, हे मला त्या दुपारी कळलं. सुरांची भर पडते असं नाही. कान आधी प्रसंगातच जातो. ताई संकलनही मात्रांनी मोजतात. सेकंदाला 24 चौकटी. लय साठची धरली तर एका मात्रेला 24, आणि तीनतालाच्या एका आवर्तनाला 384. मांडीवर ठेका धरून त्या दृश्याची लांबी सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. मात्र समेवर दृश्य तोडत नाहीत. “समेवर कट आला की माणूस सावध होतो. आपल्याला कुणीतरी हलवतंय हे त्याला कळतं.”

संगीत हात राखून वापरण्याचं हे शहाणपण पुण्याला नवं नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे पूर्वी ‘प्रभात’चा स्टुडिओ होता. तिथेच 1937 मध्ये शांतारामबापूंनी ‘कुंकू’ केला. गाणी ठेवली, पण पार्श्वसंगीत काढून टाकलं; घरातल्या आणि रस्त्यावरच्या आवाजांवर भिस्त ठेवली. संगीतकार होते केशवराव भोळे. त्याच आवारात पुढे भास्कर चंदावरकरांनी संगीत शिकवलं: स्वतः सतारिये, आणि ‘घाशीराम कोतवाल’पासून ‘सामना’पर्यंत नाटक-सिनेमात तितकेच मुरलेले. ताई या परंपरेचं नाव फार घेत नाहीत. केशवरावांविषयी मात्र एकदा म्हणाल्या, “त्यांच्याजवळ देण्यासारखं खूप होतं. म्हणून तर न देणं जमलं.”

एक शंका मला होती, ती मी बोलूनही दाखवली. सत्यजित राय यांनी सुरुवातीला रविशंकर, विलायत खाँ, अली अकबर खाँ अशा थोरांकडून संगीत करून घेतलं आणि 1961 च्या ‘तीन कन्या’पासून ते काम स्वतःकडे घेतलं. दिग्दर्शक आणि संगीतकार एकच झाले, की ‘इथे नको’ असं कोण म्हणणार? ताईंनी ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाकडे बोट दाखवलं. पंचविशीचा, कमी बोलणारा. बसस्टँडच्या प्रसंगासाठी ताईंनी मारव्यातली एक जागा वाजवली होती. मला ती इतकी आवडली की पुन्हा ऐकवा म्हटलं. मुलगा म्हणाला, “ताई, तिचा चेहरा हे आधीच सांगून झालाय.” ताईंनी दोनदा ऐकलं आणि पुसून टाकली. मग वहीतला आकडा खोडला. नव्या चित्रपटात तेव्हा साडेतेरा मिनिटं झाली होती. “अकरावर येईल,” मुलगा म्हणाला.

पैशांचा हिशेब यापेक्षा अवघड आहे. परीक्षांना बसणाऱ्या मुलांचे पेटीचे वर्ग, भावगीतांचे कार्यक्रम, गणपतीतल्या मैफली, दिवाळी पहाट, यांतून चित्रपट उभा राहतो. दर नोव्हेंबरात गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या जोडीने फिल्म बाजार भरतो, तिथे ताई आधीचा चित्रपट घेऊन गेल्या होत्या. एका वितरकाने तो पाहिला आणि विचारलं, तुम्ही स्वतः संगीतकार, मग दोन गाणी का टाकत नाही? अकरा मिनिटांत लोकांच्या तोंडी काय बसणार? प्रश्न त्याच्या जागी रास्त आहे. मराठी चित्रपट गाण्यांवर चालल्याचे दाखले त्याच्याकडे भरपूर असणार. तरी त्याने तो चित्रपट कानांनी ऐकला नाही, असं माझं मत झालं. ताईंनी गाणी टाकली नाहीत. चित्रपट मोजक्या खेळांत राहिला, आणि त्याचं कर्ज त्या अजून वाजवून फेडताहेत.

शेजारच्या काकूंचा मिक्सर सुरू झाला की खोलीतलं काम थांबतं. मुलगा खाली जाऊन “काकू, दहा मिनिटं” म्हणून येतो. काकू आता स्वतःच विचारतात, आज रेकॉर्डिंग आहे का.

मिक्सिंग डिसेंबरात. दिवाळी पहाटच्या तारखा लागल्या आहेत, त्यातून स्टुडिओचं भाडं निघेल. एकच प्रसंग ठरायचा राहिलाय: अखेरचा, जिथे ती बाई कुलूप लावून जिना उतरते. ताईंना तिथे पेटी हवी आहे, सव्वा मिनिट. चित्रपटभर त्यांचं स्वतःचं वाद्य एकदाही आलेलं नाही. मुलाला नुसती पावलं हवीत. दोघांचंही म्हणणं मी ऐकलं, दोन्ही प्रती पाहिल्या. मी ताईंच्या बाजूने आहे. मुलगा अजून ऐकत नाही.