गाण्याची पदवी आणि घड्याळाचं गणित

दोस्तांनो, बारावीनंतर गाण्यात पदवी घ्यायची म्हटलं, की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘मजा आहे बुवा तुझी, अभ्यासच नाही!’’ चला, जरा हिशेब मांडून बघू.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट लागतात. सत्रं सहा, म्हणजे एका सत्राला साधारण २०. लेखी विषयाच्या एका क्रेडिटसाठी आठवड्याला एक तास वर्गात बसायचं. प्रात्यक्षिकासाठी मात्र दोन! समजा, २० पैकी १० क्रेडिट गायनाच्या प्रात्यक्षिकाचे आहेत. मग १० आणि २० मिळून ३० तास झाले. शिवाय रोजचा दोन तास रियाज, त्याचे १४. बेरीज ४४!

वेळ पुरेना, की पहिली कात्री लागते रियाजाला. तिथंच सगळं बिघडतं. लेखी पेपर एखादवेळी आदल्या रात्री जागून निभावतो. तान एका रात्रीत गळ्यावर चढत नाही. उलट घाईनं गळा ताणला, तर आवाजच बसायचा!

म्हणून वेळापत्रकात आधी रियाजाची वेळ लिहा, मग बाकीचं. तालांचे बोल, रागांची माहिती बसमध्येही पाठ होते. ज्या सत्रात प्रात्यक्षिकं जास्त, त्यात ऐच्छिक विषय सोपा निवडा. आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी ठेवा. गळ्यालाही सुट्टी हवीच की!

आणि आई-बाबा, ‘नुसता आ आ करत बसतो’ म्हणण्याआधी ते ४४ तास आठवा बरं का!