धर्मवाक्याचा पाठपुरावा

येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्यही, असं ४५१ मध्ये कॅल्सिडनच्या धर्मपरिषदेनं ठरवलं. श्रद्धाळू हे वाक्य मान झुकवून म्हणतो आणि पुढे जातो. ग्रीक कादंबरीकार निकोस काझान्झाकिस मात्र त्याच्या उत्तरार्धापाशी अडून बसले. पूर्ण मनुष्य असेल, तर त्याला घर, बायको, मुलं, निवांत म्हातारपण हवंसं वाटलंच असणार ना? ‘द लास्ट टेम्प्टेशन’मध्ये क्रुसावर खिळलेल्या येशूला नेमक्या त्याच संसाराचं स्वप्न पडतं. शेवटी तो ते झिडकारतो आणि मरण पत्करतो. म्हणजे शेवट परंपरेला धरूनच. तरी व्हॅटिकननं १९५४ मध्ये हे पुस्तक निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकलं, आणि १९८८ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसींच्या चित्रपटावरून पॅरिसमधल्या एका थिएटरला आग लावली गेली.

‘पाखंडी’ ठरलेलं चांगलं ललित लेखन मला बहुधा असंच दिसतं. ते श्रद्धेला बाहेरून दगड मारत नाही. तिचंच एक वाक्य उचलतं आणि ते नेईल तिथवर जातं. ‘द दा विंची कोड’मध्येही येशूचं लग्न आहेच, पण ते कुलूपकिल्लीच्या कोड्यापुरतं. त्यानं कुणाची झोप उडत नाही.

पोर्तुगीज कादंबरीकार जुझे सारामागो तर निरीश्वरवादी. हेरोदानं बेथलेहेममधली बाळं मारली, ही मत्तयच्या शुभवर्तमानातली कथा. तिथे योसेफ बाळाला घेऊन मिसरला निघून जातो. बाकीच्या घरांना कुणी का सावध केलं नाही? सारामागोंच्या १९९१ च्या कादंबरीत योसेफाला बेत कळतो, तो फक्त आपल्या मुलासाठी धावतो, आणि तो अपराध पुढे येशूच्या स्वप्नांत उतरतो. हा भाग थोर आहे. पुढे देव इतका कपटी होतो, की कादंबरी फिर्यादीच्या भाषणासारखी ऐकू येते. पोर्तुगाल सरकारनं १९९२ मध्ये युरोपीय पुरस्काराच्या स्पर्धेतून ती वगळली. त्यानंतर सारामागो लांझारोते बेटावर राहायला गेले.

या सगळ्यांत अवघड काम केलं ते जपानी कादंबरीकार शुसाकू एंदो यांनी, कारण ते स्वतः कॅथलिक होते. त्यांच्या १९६६ च्या ‘चिन्मोकू’चं (इंग्रजीत ‘सायलेन्स’) बीज खरं आहे. क्रिस्तोवाव फेरेरा या पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरूला १६३३ मध्ये नागासाकीत खड्ड्यात उलटं टांगलं गेलं आणि त्यानं धर्म सोडला. कादंबरीत त्याचा शिष्य रॉड्रिग्ज लिस्बनहून गोवा, मकाव करत त्याच्या शोधात निघतो. (गोवा हे पूर्वेकडच्या जेझुइटांचं मोठं ठाणं, १५४९ मध्ये जपानला पोचलेल्या धर्मप्रचारक झेवियरचं शव आजही जुन्या गोव्यात आहे.) रॉड्रिग्ज पकडला जातो. रात्री कोठडीत त्याला पहारेकऱ्याचं घोरणं ऐकू येतं, हसूही येतं. फेरेरा सांगतो, हे घोरणं नव्हे, खड्ड्यात टांगलेल्या शेतकऱ्यांचं कण्हणं आहे. त्यांनी धर्म केव्हाच सोडलाय, पण तू सोडल्याशिवाय त्यांची सुटका नाही.

धर्म सोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय द्यायचा असतो. रॉड्रिग्ज पाय उचलतो, आणि त्या झिजलेल्या प्रतिमेतून ख्रिस्तच त्याला तुडवायची मुभा देतो.

धर्मत्याग हे महापाप, हे कुठलाही धर्मगुरू सांगेल. पण दुसऱ्यासाठी स्वतःला अर्पण करणं ही शिकवण असेल, तर रॉड्रिग्जनं द्यायचं तरी काय? जीव द्यायला तो एका पायावर तयार होता. हुतात्म्याचा मान त्यातच होता. उरलं त्याचं पावित्र्य, आणि जगात मिळणारं नाव. एंदो तेच मागतात. तो आवाज ख्रिस्ताचा की थकलेल्या मनानं शोधलेली पळवाट, हे मात्र ते उघड ठेवतात. एखाद्या सामान्य लेखकानं इथे चमत्कार घडवला असता.

कादंबरीच्या शेवटी एका अधिकाऱ्याची कोरडी दप्तरी रोजनिशी आहे. कंटाळून ती सोडून देण्याचा मोह होतो, सोडू नये. रॉड्रिग्जला आता जपानी नाव आहे, जपानी बायको आहे, पहारा आहे. आणि त्याच्याबरोबर किचिजिरो आहे, त्याला पकडून देणारा, पुनःपुन्हा धर्म सोडून पुनःपुन्हा पापनिवेदनाला येणारा भेकड माणूस. त्याच्या ताइतात संतांची चित्रं सापडतात, आणि दप्तर चौकशीची नोंद करतं.