कॅल्साइटची पायरी आणि अडकलेले स्फुरद

चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकास साधारणतः १५ ते २० टक्केच मिळते. उर्वरित स्फुरद फारसे वाहून जात नाही. ते मातीतच, बऱ्याच अंशी कॅल्साइटच्या कणांवर, अडकून राहते. अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली ताजा फुटलेला कॅल्साइट स्फटिक गुळगुळीत नव्हे, तर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. एका पायरीची उंची अवघी ०.३ नॅनोमीटर! स्फटिकाची वाढ व झीज मुख्यतः या पायऱ्यांच्या कडांवरच होते आणि फॉस्फेटही तेथेच अधिक सहजपणे चिकटते. पुढे कॅल्शियम फॉस्फेटचे सूक्ष्म कण बनतात व कालांतराने ते अधिकाधिक अविद्राव्य होतात. खताचा पैसा शेतातच असतो, मुळांच्या हाती मात्र लागत नाही.

हरभऱ्याची मुळे सायट्रिक आम्ल स्रवून हे बंधन सैल करतात. लोहयुक्त तांबड्या जमिनीतील कुलूप वेगळे; तेथे तूर पिसिडिक आम्लाच्या साहाय्याने लोहाशी जखडलेले स्फुरद सोडवते, असे पाटनचेरू येथील संशोधनातून १९९० मध्ये पुढे आले. स्फुरद विस्कटून टाकल्यास त्याचा खनिजपृष्ठांशी संपर्क वाढतो. म्हणून ते पेरणीच्या वेळीच, बियाण्याखाली ओळीत पेरून द्यावे.