स्वस्त मोटार, महाग ब्रेक

व्यापारात जम बसला की दारी एक मोठी मोटार असावी, असे घरातील तरुणांना वाटू लागते. नव्या गाडीची किंमत ऐकून मन मागे सरते. पण पंधरा-वीस वर्षे वापरलेली तशीच गाडी लहान नव्या मोटारीच्या भावात मिळते असे कळले, की ते पुन्हा पुढे धावते. इथेच हिशेबातील एक नोंद राहून जाते. घसारा गाडीला लागतो, तिच्या सुट्या भागांना लागत नाही. गाडी स्वस्तात मिळाली, तरी तिचे ब्रेक महाग गाडीचेच असतात.

याचे बोलके उदाहरण मर्सिडीज-बेंझचे आहे. या कंपनीने 2001 साली एसएल आणि 2002 साली ई-क्लास या गाड्यांत ‘सेन्सोट्रॉनिक’ नावाची ब्रेकयंत्रणा आणली. पेडलवरील पायाचा दाब संवेदक टिपत, संगणक प्रत्येक चाकाला किती दाब द्यायचा ते ठरवी आणि विजेच्या पंपाने साठवून ठेवलेला दाब क्षणात चाकापर्यंत पोहोचे. कल्पना उत्तम होती. मात्र यंत्रणा बिघडली, की केवळ पुढच्या चाकांचे ब्रेक उरत आणि पेडल बरेच खाली, जोर लावून दाबावे लागे. मे 2004 मध्ये कंपनीने सुमारे 6 लाख 80 हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. 2006 साली ई-क्लासमधून ही यंत्रणा काढण्यात आली.

या यंत्रणेत ब्रेक किती वेळा दाबला याची मोजणी होते. ठरावीक संख्या ओलांडली, की गाडी कितीही चकचकीत असली तरी इशारा दिसू लागतो आणि दाबाचे संपूर्ण युनिट बदलण्याची वेळ येते. साधे पॅड बदलतानाही यंत्रणा आधी निष्क्रिय करावी लागते; नाहीतर ती आपोआप दाब देऊन कारागिराची बोटे चिरडू शकते. म्हणूनच हे काम नाक्यावरच्या गॅरेजचे नव्हे.

अशी यंत्रणा नसलेल्या जुन्या गाडीतही निष्काळजीपणा परवडत नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट-4 प्रतीचे ताजे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरू शकते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्यास जुने ऑइल उकळून वाफ होते, आणि पेडल खाली जाऊनही गाडी थांबत नाही. साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे हा त्यावरचा स्वस्त उपाय होय. ब्रेक दाबताच स्टीअरिंग थरथरले, गाडी एका बाजूला ओढली गेली किंवा घासल्याचा आवाज आला, तर तपासणी पुढे ढकलू नये.

सौदा ठरण्यापूर्वी जाणकार कारागिराकडून डिस्कची जाडी मोजून घ्यावी, कॅलिपर व रबरी नळ्या पाहाव्यात आणि ब्रेकच्या कामाचे अंदाजपत्रक लेखी मागावे. ती रक्कम मागणीच्या भावात मिळवून मगच गाडी स्वस्त की महाग ते ठरवावे. एवढी रक्कम बाजूला ठेवणे शक्य नसेल, तर लहान नवी मोटारच बरी. गाडीच्या काचा, आसने, रंग यांवर काटकसर खुशाल करावी; ब्रेकवर केलेली बचत मात्र मागच्या आसनावर बसलेल्या आई-वडिलांच्या आणि मुलांच्या जिवावर केलेली असते.