लॉरिन हिल? ...गैरहजर!

शाळेची घंटा वाजते. सर हजेरी घेतात, मुलं पटापट 'हजर' म्हणतात. मग नाव येतं, लॉरिन हिल. उत्तर नाही. सर पुन्हा पुकारतात. पुन्हा शांतता!

'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' हा १९९८चा अल्बम असा सुरू होतो. मास कॉमला असताना रूममेटने तो पहिल्यांदा ऐकवला, तेव्हा वाटलं, काय भारी आयडिया आहे यार! बस्स, तेवढंच. गेल्या महिन्यात पुन्हा ऐकला. या वेळी माझ्या पर्समध्ये सोनोग्राफीचा रिपोर्ट होता.

होय, मी आई होणार आहे. ही बातमी सांगितल्यावर कामाच्या वर्तुळातून पहिली प्रतिक्रिया आली, "आत्ताच?" एका ठिकाणी नव्या कॉलमची बोलणी सुरू होती. ती त्यानंतर आपोआप थंडावली. फ्रीलान्सरला कसली आलीय मॅटर्निटी लीव्ह!

संध्याकाळची डोंबिवली फास्ट पकडली अन् इअरफोन लावले. पहिलंच गाणं 'लॉस्ट वन्स'. धारदार रॅप, मान डोलायलाच लागते. ते कॉलमवाले साहेब मनातल्या मनात चांगलेच झोडपून काढले! मग 'एक्स-फॅक्टर'. सेकंड इयरला याच गाण्यावर उशी भिजवली होती. आता मात्र हसू आलं. कोण होता तो, अन् केवढं ते रडणं!

आणि मग 'टू झायन'.

कार्लोस सँटानाची गिटार अन् मागे संचलनासारखा ड्रम. 'फ्यूजीज' या ग्रुपचा 'द स्कोअर' १९९६ मध्ये तुफान गाजला होता. लॉरिन प्रसिद्धीच्या शिखरावर होती, वय जेमतेम एकवीस, आणि तिला दिवस गेले. करिअरचा विचार कर, असं लोक तिला सांगत होते. तिने मनाचं ऐकलं. १९९७ मध्ये झायन जन्मला. हे गाणं त्याच्यासाठी आहे. कुर्ला गेलं अन् माझे डोळे वाहायला लागले. शेजारच्या काकूंनी काहीही न विचारता मला खिडकी दिली.

प्रत्येकीने असंच करावं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. मला भिडलं ते एवढंच की, निर्णय तिचा होता.

पुढचं 'डू वॉप' म्हणजे थोरल्या ताईने कान उपटणं. पहिल्या कडव्यात मुलींचे, दुसऱ्यात मुलांचे! १९९९ मध्ये या अल्बमला पाच ग्रॅमी मिळाले. 'अल्बम ऑफ द इयर' ठरलेला हा पहिला हिप-हॉप अल्बम.

पण मनातला खवचट आवाज गप्प बसतोय थोडाच? 'बघ, त्यानंतर तिचा दुसरा सोलो स्टुडिओ अल्बम आलाच नाही!' खरंय. त्यामागची कारणं तिची तिला ठाऊक. पण जो आला, तो झायनच्या जन्मानंतरच आला ना?

डोंबिवली आलं. उतरता उतरता पुन्हा सुरुवातीपासून लावला. घंटा, सर, हजेरी. वर्गात नसलेली ती मुलगी बाहेर कुठेतरी वेगळाच धडा शिकत होती, हे कॉलेजात लक्षातच आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एका नव्या कामाची मीटिंग आहे. रिपोर्टचं तिथे आधीच सांगून टाकणार आहे. "आत्ताच?" असं कुणी विचारलंच, तर उत्तर तयार आहे.

हजर!