मुका वर्षावास भगवंतांनी का नाकारला?

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत वर्षावास चालतो. संध्याकाळी त्रिसरण-पंचशील होते, एखादी शिकलेली पोरगी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची दोन पाने वाचते, शेवटी सारे पाच मिनिटे डोळे मिटून बसतात. या वेळी आम्ही त्या पाच मिनिटांविषयी लिहीत आहोत.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. कोसल देशात काही भिक्खूंनी ठरवले, वर्षावासभर एकमेकांशी बोलायचेच नाही, म्हणजे भांडणही होणार नाही. कामे हातवाऱ्यांवर भागवली. तीन महिने सरल्यावर ते समाधानाने भगवंतांना सांगायला श्रावस्तीला गेले. भगवंतांनी कौतुक केले नाही. मुक्या जनावरांसारखे एका ठिकाणी राहिलात, असे सुनावले आणि मुके राहण्याच्या व्रतालाच मनाई केली. त्याजागी प्रवारणा घालून दिली. वर्षावास संपताना प्रत्येकाने संघापुढे यायचे आणि माझे काही चुकल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती करायची.

मग ध्यानातले मौन? तेही धम्मातलेच. एकत्र जमलात तर धम्मचर्चा करा, नाहीतर आर्य मौन पाळा, अशी शिकवण आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर 10 दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले नऊ दिवस साधक आपसात बोलत नाहीत. पण साधनेतली शंका आचार्यांना आणि राहण्याखाण्याची अडचण व्यवस्थापकांना सांगता येते, रोज संध्याकाळी प्रवचनही असते. मनाचा आजार असेल तर अर्जात तसे लिहा आणि आधी डॉक्टरांना विचारा. गंभीर आजारात हे शिबिर करू नये. चालू गोळ्या तर मनाने बंद करूच नका.

धम्म ज्याला त्याला आपापल्या बोलीत कळावा, हाही भगवंतांचाच आग्रह. बुद्धवचन वेदांच्या भाषेत बांधण्याची परवानगी दोन भिक्खूंनी मागितली, ती त्यांनी नाकारली. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी पहिले पत्र काढले, त्याचे नाव 'मूकनायक'. ज्यांना पिढ्यान् पिढ्या गप्प बसवले त्यांना गप्प राहण्याचे महत्त्व सांगताना म्हणूनच जपून सांगावे लागते.

आपल्या यवतमाळात तर फारच जपून. सोयाबीन गेले, कापसाला भाव नाही, कर्ज थकले, की घरचा माणूस बोलायचा थांबतो. "शांत झालाय" म्हणून घरचे सोडून देतात. ही शांती नव्हे. दोन आठवडे झोप नाही, जेवणावर मन नाही, कुणात मिसळणे नाही, "माझा काय उपयोग" असे बोलणे, ही आजाराची लक्षणे आहेत. जवळ बसून सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतो का?" विचारल्याने तसे मनात भरते, हा गैरसमज आहे. उलट माणूस मोकळा होतो. उत्तर यायला वेळ लागला तर मध्ये उपदेश घालू नका. तेवढे मौन पुरे.

फवारणीचे औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याजवळ. जिवाला धोका वाटला तर माणसाला एकटे सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसच्या 14416 या नंबरवर रात्री-बेरात्रीही फुकट आणि मराठीत बोलता येते. हा नंबर विहाराच्या फळ्यावर लिहा. आणि आश्विन पौर्णिमेला, वेचणीची घाई सुरू होण्याआधी, वाचन झाल्यावर तासभर बैठक ठेवा. ज्याला जे सांगायचे ते सांगू द्या. बायांना वेगळे बसून बोलायचे असेल तर तशी सोय करा.